काचेत की भंगारात

लॅपटॉप उघडून परत बंद केला की एक स्क्रू उरतोच. तो कुठला, कुठून निघाला, कुणालाच सांगता येत नाही, आणि मशीन त्याच्याशिवाय खुशाल चालतं. आमच्या दुकानात अशा उरलेल्या स्क्रूंची एक बरणी आहे. पूर्वी तिच्यात लिंबाचं लोणचं असायचं. किस्स्यांचंही तसंच होतं. गिऱ्हाईक येतं, मशीन दुरुस्त करून घेऊन जातं आणि मागं काहीतरी ठेवून जातं. आमची ही दुसरी बरणी केव्हाच भरलीय, तेव्हा आज जरा ओतूनच दाखवते.

दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरात. डावीकडं लेथ, उजवीकडं लेथ, समोर वेल्डिंग, आणि मध्ये आम्ही लॅपटॉप दुरुस्त करणारे नवरा-बायको. ह्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून इथं मीही अण्णाच म्हणते. घरात काय म्हणते ते घरात. अण्णा मशीन उघडतात आणि गिऱ्हाइकाशी बोलतात. सोल्डरिंग माझ्याकडं, कारण बोलताना अण्णांचे हात हलतात, आणि बोलायचे ते थांबत नाहीत.

शेजारच्या लेथवर तानाजी. ह्यांचा बालमित्र, माझा मानलेला दीर. चहा आमच्याकडं, अक्कल स्वतःची, आणि तीही न मागता.

* * *

खंडेनवमीला आपल्याकडं पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी आमची गल्ली बघावी. लेथला झेंडूची माळ, पान्यांना गंध, ड्रिल मशीनपुढं पेढे. आता ऑफिसात बसणाऱ्याचं हत्यार म्हणजे लॅपटॉप, तेव्हा पूजा त्याचीही होते. त्यामुळं आमचा खरा सीझन दसरा संपल्यावर सुरू होतो.

एकदा गुळाचे एक व्यापारी आले. अण्णांनी कीबोर्ड काढला तर खाली हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची एक पाकळी. सगळं भिजलेलं.

"ह्याच्यावर पाणी सांडलंय," अण्णा म्हणाले.

"पाणी न्हाय अण्णा. नारळ फोडला."

"लॅपटॉपवर?"

"वर कशाला? बाजूलाच फोडलता," व्यापारी जरा लाजले. "धार तेवढी वर आली."

अण्णांनी त्यांना समजावलं, की पुढच्या वर्षीपासून पूजा चार्जरची करा, घराणं एकच आहे. व्यापाऱ्यांना ते पटलं. पैसे देऊन ते पायरीपर्यंत गेले आणि परत आले.

"चार्जरची करतो की. पर लॅपटॉप रुसला तर?"

अण्णांनी कीबोर्डखालची ती झेंडूची पाकळी कागदात बांधून त्यांच्या हातात दिली.

* * *

गेल्या श्रावणात इनामदार सर आले. हे पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. अण्णा त्यांचे विद्यार्थी. सर आता सत्तरीच्या पुढं गेलेत, पण दारात उभे राहिले की अण्णा अजून उठून उभे राहतात आणि हातातला स्क्रूड्रायव्हर मागं लपवतात. का, ते त्यांनाही माहीत नाही.

सरांच्या हातात कापडी पिशवी होती. तानाजी चहाला आलेला. त्यानं मदत म्हणून पिशवी घेतली आणि वाकलाच.

"सर, पाटा हाय का वरवंटा?"

"लॅपटॉप आहे," सर म्हणाले.

काढला तो करड्या रंगाचा, विटेसारखा जाड. नव्वदीच्या सुरुवातीचा. सरांच्या परदेशातल्या भावानं त्यांना पाठवलेला. पडदा काळा-पांढरा, बाजूला फ्लॉपीची फट, आणि कीबोर्डच्या पुढं, जिथं आज आपण बोट फिरवतो तिथं, बसवलेला एक काळपट गोल बॉल. तो फिरवला की पडद्यावरचा बाण हलायचा. हलायचा म्हणजे पूर्वी. आता मशीन पूर्ण बंद होतं.

सरांनी काम सांगितलं. दिवाळीनंतर ते कायमचे मुलीकडं पुण्याला चाललेत. काकू दोन वर्षांमागं गेल्या, घर रिकामं करायचंय. मुलीचा फ्लॅट लहान. तिनं सांगितलंय, बाबा, बंद पडलेली वस्तू आणायची नाही. तेव्हा हे मशीन पॉलिटेक्निकला द्यायचं असं सरांनी ठरवलं. तिथं नव्या इमारतीत, दारातच, जुन्या यंत्रांचं एक काचेचं कपाट होतंय. प्राचार्या वैशाली मॅडम, त्याही सरांच्याच विद्यार्थिनी. पण त्यांच्याकडं बंद पडलेली यंत्रं खोलीभर साठलीत आणि ती भंगारात जाणार आहेत. त्यांनी सरांना आदरानं, पण स्पष्टच सांगितलं, "सर, चालू असेल तर काचेत. बंद असेल तर मला ते भंगारातच धरावं लागेल. घटस्थापनेला उद्घाटन आहे."

"शिष्या कुणाची आहे," सर आम्हाला म्हणाले. "मीच शिकवलंय तिला. चालत नाही ते यंत्र नव्हे."

त्यांना राग आलेला नव्हता. अभिमानच होता. पण पिशवीची घडी घालताना ती त्यांच्याकडून नीट पडेना, हे मी बघितलं.

* * *

"ह्यात एवढं काय हाय सर?" तानाजीनं विचारलं. विचारायला नको होतं. सरांनी खुर्ची ओढली.

"तानाजी, ह्याच्या आधीचे लॅपटॉप कसे होते सांग. नाही माहीत ना? कीबोर्ड एकदम पुढच्या कडेला. हात टेकायला जागाच नाही, मनगटं अधांतरी. आणि माउस बाहेरून लोंबता, नाहीतर कडेला चिकटवलेला. ह्या मशीनवाल्यांनी काय केलं? कीबोर्ड मागं सरकवला. पुढं मोकळी जागा सोडली. मधोमध बॉल बसवला. हात टेकले, अंगठा बॉलवर. बस्स. त्यानंतर सगळ्या जगानं तेच केलं. बॉल गेला, त्याच्या जागी सपाट पट्टी आली, पण जागा तीच. आज ह्या दुकानातला कुठलाही लॅपटॉप उघड. कीबोर्ड मागं, मोकळी जागा पुढं. ती जागा इथून सुरू झाली."

तानाजीनं आमच्या टेबलावरचे सगळे लॅपटॉप नीट बघितले. मग मान हलवली.

"म्हंजे घराफुडं कट्टा काढला म्हणा की."

"काय?"

"कट्टा. बसायला कट्टा नसंल तर घर कसलं? आधीच्यानी नुसतं घर बांधलं. ह्यानी कट्टा काढला."

सर म्हणाले, "मी पॉलिटेक्निकमध्ये पूर्ण तास घेऊन हे शिकवायचो. एका शब्दात होत होतं तर."

तेव्हापासून आमच्या दुकानात त्या जागेला कट्टाच म्हणतात. परवा एका बँकेतल्या मॅडमना अण्णा म्हणाले, "तुमच्या कट्ट्याला चीर गेलीय." त्या बराच वेळ आमच्या पायरीकडं बघत होत्या.

* * *

सरांचा हा लॅपटॉप फक्त वर्गात बसलेला नाही. ज्या काळात आडबाजूच्या शाळांतल्या पोरांनी कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रातच बघितला होता, त्या काळात सर सुटीच्या दिवशी तो घेऊन एसटीनं गावोगाव जायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भत्ता देत नव्हतं. कुरुंदवाडला गेले, गगनबावड्याला गेले. गगनबावड्याला तर भर पावसाळ्यात. तिथल्या पावसात छत्री ही केवळ श्रद्धा असते, म्हणून सरांनी लॅपटॉप खताच्या पोत्यात गुंडाळला आणि स्वतः भिजले.

बस भरलेली. सर पोतं छातीशी धरून उभे. कंडक्टर आला.

"पावणं, पोतं खाली ठेवा की."

"खाली नको. कॉम्प्युटर आहे. लॅपटॉप. मांडीवर ठेवायचा असतो."

"मांडीवर? मग उभं कशाला ऱ्हायलाय? द्या हिकडं, मी बसतो घिऊन."

आणि तो खरोखर आपल्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. पुढं खड्डे सुरू झाले. त्यानं दोन्ही हातांनी पोतं आवळून धरलं, त्यामुळं घंटीची दोरी ओढायला हात उरला नाही. कळे गाव आलं. उतारू ओरडायला लागले.

"वरडू नका," कंडक्टर दबक्या आवाजात म्हणाला. "मांडीवर कॉम्प्युटर हाय."

ड्रायव्हरला घंटी ऐकू आली नाही, बस कळ्याला थांबलीच नाही. गगनबावड्याला पोचल्यावर कंडक्टरला उठता येईना. पायाला मुंग्या नाहीत, वारूळच झालेलं. दोघांनी धरून उभं केलं. पोतं सरांच्या हातात देत तो म्हणाला, "सर, मांडीवर ठेवायचं म्हणताय खरं, पर खाली मांडी ऱ्हाती कुटं?"

कळ्याचा एक उतारू मात्र सरांबरोबर शाळेपर्यंत गेला. आता आलोच हाय तर बघूनच जातो म्हणाला. पावसानं शाळेत लाईट नव्हती, लॅपटॉप बॅटरीवर चालला. पोरांच्या आधी पहिला बॉल त्यानंच फिरवला.

* * *

वर्गात सरांचा नियम एकच. हात धुतल्याशिवाय मशीनला शिवायचं नाही. हा नियम मिसळीमुळं झाला, आणि मिसळीनंच तो रोज मोडायचा. पोरं सकाळी मिसळ हाणून यायची, बोटांना कटाचं तेल, आणि त्याच बोटांनी कीबोर्ड. मग सर दारात उभे राहून प्रत्येकाची बोटं हुंगायला लागले.

एकदा अण्णांची पाळी आली. अण्णा साबण लावून आलेले, निर्धास्त. सरांनी बोटं हुंगली, डोळे मिटले, परत हुंगली.

"गंगावेशीतली मिसळ."

"सर, हात धुतलेत."

"धुतलेत. पण गंगावेशीतलीच. कट जास्तीचा घेतला होतास."

अण्णा मान खाली घालून परत धुवायला निघाले. मागून सरांचा आवाज आला, "आणि उद्या जाशील तेव्हा मला हाक मार."

अण्णा अजून मशीनला हात लावायच्या आधी हात धुतात. जेवणाच्या आधी मात्र आठवण करावी लागते.

* * *

आता दुरुस्ती. मशीन उघडलं तर बोर्डावरचे कॅपॅसिटर, म्हणजे त्या उभ्या बारीक चंदेरी डब्या असतात ना, त्या गळलेल्या. त्यांतला पातळ रस बोर्डावर पसरून वाळलेला. हे जुन्या मशीनचं नेहमीचं दुखणं. काढून नवीन बसवायचे, एवढंच. पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असतं, की त्या रसाला गरम सोल्डरिंग लागलं की वास सुटतो. आणि वास येतो थेट मासळीचा.

श्रावणी सोमवार होता. मी पहिली डबी काढली. मग दुसरी. पंख्यानं वास गल्लीत नेऊन वाटला.

शेजारचा लेथ थांबला. दारात तानाजी. श्रावण तो इतका कडक पाळतो की महिनाभर मटणाच्या दुकानावरून जातानासुद्धा रस्ता बदलतो.

"वैनी, काय शिजवालायसा?"

"कॅपॅसिटर."

"न्हाय, खरं सांगा. सुकट हाय न्हवं? अण्णाला कळू देत न्हाय मी."

मी त्याला बोर्ड दाखवला, डबी दाखवली, परत सोल्डरिंग लावून वास काढून दाखवला. त्यानं सगळं बघितलं. विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी त्याची बायको माझ्याकडं आली, हळूच म्हणाली, "जाऊबाई, ह्यास्नी सांगू नका, पर उरलं असंल तर वाईच वाटीत द्या की."

* * *

डब्या बदलल्या आणि मशीन लागलं. बटण दाबल्यावर पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसा एक सूर उमटला, पडदा उजळला, कडेला बाण दिसला. सर समोर बसलेले. त्यांनी सूर ऐकला आणि चष्मा काढला.

पण बाण जागचा हलेना. बॉलभोवतीची कडी फिरवून मी बॉल बाहेर काढला. आत दोन बारीक रूळ असतात. बॉल त्यांना घासून फिरवतो, रूळ फिरले की बाण हलतो. दोन्ही रूळ लाल झालेले. आणि बॉलच्या वरच्या अंगाला लाल-पिवळा थर, वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेला.

"सर, हे काय?" अण्णा म्हणाले. "हात धुतल्याशिवाय शिवू देत नव्हता तुम्ही."

"ते तिचं आहे," सर म्हणाले.

काकू दर खंडेनवमीला ह्या लॅपटॉपची पूजा करायच्या. पहिल्या वर्षी सर नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "ह्याच्या पुढ्यात शाळिग्राम बसवलाय, आणि तुम्ही त्याच्यावर अंगठे फिरवता. निदान वर्षातनं एकदा तरी त्याला शाळिग्रामासारखं वागवू दे." आणि त्यांनी बोटानं बॉलवर हळद लावली, कुंकू लावलं. सर निवृत्त झाल्यावर लॅपटॉप बंदच असायचा, पण त्यांची पूजा चुकली नाही. शेवटच्या खंडेनवमीला काकूंना उठवत नव्हतं, तर लॅपटॉप पलंगावर नेला होता.

सगळ्या पोरांची बोटं हुंगणाऱ्या माणसानं एक बोट कधीच हुंगलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. खूपच वाटलं, आणि रूळ तर साफ करायलाच हवे होते. मी तसं सांगितलं.

"रूळ कर," सर म्हणाले. "बॉल नको. आणि हा बॉल आता मशीनमध्ये घालूही नकोस. फिरून फिरून रंग जाईल. हा मी पुण्याला नेणार आहे. मुलीला काय, खिशातसुद्धा दिसायचा नाही."

त्यांनी बॉल रुमालात बांधला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणजे मशीन चालू, आणि बाण हलवायला बॉल नाही. असला जुना बॉल बाजारात कुठून मिळणार? पण आम्ही उद्यमनगरात राहतो. इथं नमुना द्यायचा, वस्तू घ्यायची. सरांनी नमुना म्हणून दुपारभर बॉल तानाजीकडं ठेवला, आणि दुपारभर स्वतः लेथच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

* * *

तानाजीनं नायलॉनच्या कांबीतून बॉल काढला. मापाला तंतोतंत. मी घालून बघितला, बाण झुळझुळ फिरला. सर खूष, अण्णा खूष. तानाजी एकटा खूष नव्हता.

"वैनी, अजून जरा फिनिशिंग ऱ्हायलंय."

"चालतोय की तो, भावजी."

"चालतोय. पर काचंत ठेवणार न्हवं? लोक बघणार. खाली माझं नाव नसलं तरी गल्लीत सगळ्यास्नी म्हाईत हाय काम कुणाचं ते."

हा आमच्या उद्यमनगराचा जुना आजार आहे. चाललेली वस्तू चाललेली राहू द्यायची नाही. अण्णांच्या स्कूटरची किल्ली झिजली म्हणून तानाजीनं नवी करून दिली, तीही इतकी दणकट की पुढं स्कूटर भंगारात गेली आणि किल्ली अजून आमच्या नारळ फोडायच्या कामाला येते.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी तो बॉल घेऊन गेला आणि सकाळी मखमलीच्या डबीत घालून परत आणला. त्यात तोंड बघून कुंकू लावावं असा चकचकीत. आम्ही कौतुक केलं, बॉल मशीनमध्ये बसवला, कडी फिरवली, रिक्षा बोलावली. फिरवून बघायचं कुणाला सुचलं नाही. कालच तर चालला होता.

* * *

पॉलिटेक्निकमध्ये दारात रांगोळी, आत गर्दी. काचेचं कपाट नवंकोरं, एक फळी रिकामी. तानाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. वैशाली मॅडम सरांच्या पाया पडल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, काय ठरलंय ते तुम्हाला माहीत आहे. चालू करून काहीतरी उघडून दाखवायचं."

"दाखवतो," सर म्हणाले. आवाज वर्गातला.

बटण दाबलं. सूर उमटला. मागच्या पोरांनी मोबाइल वर धरले. पडदा उजळला, कडेला बाण. सरांनी मनगटं कट्ट्यावर टेकली आणि बॉल फिरवला.

बॉल फिरला. बाण हलला नाही.

परत फिरवला. बॉल गरगरा फिरत होता, आणि बाण कोपऱ्यात ढिम्म. काय झालं ते मला कळलं. तानाजीनं बॉल इतका गुळगुळीत केला होता की तो रुळांवरून नुसता घसरत होता. तानाजीलाही कळलं. तो शर्टाचं वरचं बटण काढायला लागला.

"सर, थोडं थांबूया का?" मॅडम हळूच म्हणाल्या. "मी बाकीचा कार्यक्रम पुढं घेते." पण त्यांची नजर कपाटाच्या रिकाम्या फळीवर गेली, आणि ती सरांनीही बघितली.

सरांनी कडी फिरवली, चकचकीत बॉल काढून तानाजीच्या हातात दिला. मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढला. गाठ सुटेना. मी सोडवायला पुढं झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांची त्यांनी सोडवली. काळपट बॉल घेतला, लाल अंग वर करून मशीनमध्ये ठेवला, कडी लावली.

"वैशाली, तू फिरव."

मॅडम पुढं आल्या, आणि सवयीनं त्यांचा हात सरांच्या नाकापर्यंत गेला. मग त्यांनाच हसू आलं. "सर, धुऊन येते."

"राहू दे," सर म्हणाले.

मॅडमनी अंगठा बॉलवर ठेवला. बाण निघाला, सरळ वर गेला, कोपऱ्यात पोचला. मॅडमनी बटण दाबलं, पडद्यावर खिडकी उघडली. टाळ्या पडल्या. तानाजीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि डोळे पुसले. मॅडमनी हात उचलला तेव्हा अंगठ्याला लाल लागलेलं होतं. त्यांनी ते बघितलं, सरांकडं बघितलं, आणि हात पदराला न पुसता तसाच ठेवला.

शिपायानं मशीन उचलून काचेत ठेवलं. मॅडमनी पाटी आणि पेन मागवलं.

"सर, खाली काय लिहू? कीबोर्ड मागं कुणी सरकवला, बॉल पहिल्यांदा मधोमध कसा आला, तो सगळा इतिहास तुम्ही सांगा, मी लिहून घेते. आणि हात लावू नये, असंही लिहिते."

आम्ही सगळे सरकून उभे राहिलो. आता पूर्ण तास होणार.

सर रिकाम्या रुमालाची घडी घालत काचेतून बॉलकडं बघत होते.

"हात लावला कुणी तर लावू दे," ते म्हणाले. "पुसू नये, एवढंच लिही."